घाड्यांची माणसं

"घाड्यांची किती माणसां?" होडीच्या तोंडाशी उभे राहून बाबल गावकर विचारत होते.

"तीन," माझे सासरे म्हणाले.

मी त्यांच्या मागेच उभा होतो. डोक्यावर तांदळाचं पोतं, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात बायकोची पिशवी. तीन म्हणजे ते स्वतः, सासूबाई आणि माझी बायको कुंदा. पोतं वाहायच्या वेळी मी घरचा होतो, मोजायच्या वेळी नव्हतो.

गावकरांनी माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि पुढच्या घराला हाक मारली. मी होडीत चढलो. चढताना जाणूनबुजून जरा जोरात पाय आपटला. होडी हलली, पण सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ही गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा रेल्वेत गार्ड होतो, बडनेऱ्याला. कुंदा तिथल्या दवाखान्यात नर्स. डब्याच्या दारात माझं बोट चिरडलं, तिने पट्टी बांधली, आणि पुढे पट्टी सोडवायचं निमित्त मी जरा जास्तच दिवस लांबवलं. लग्न केलं ते दोघांनीच, रजिस्टर. मी भोयर, ती घाडी. जात वेगळी, मुलूख वेगळा. तिच्या वडिलांनी एकच पत्र पाठवलं, "तुका जा करूचा ता तू केलंस," आणि पुढे तीन वर्षं काही नाही. कुंदाने त्याचं कधी अवडंबर केलं नाही. पण सहावा महिना लागला तेव्हा एके सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, मला बाळंतपण माहेरी हवंय." आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत रडली.

म्हणून आम्ही आलो होतो. दोन दिवस रेल्वे, मग एस.टी., मग आणखी एक एस.टी. देवखोल म्हणजे एके काळचं मोठं बंदर. डच लोकांची पडकी वखार, खाडीच्या मुखावर अर्धा ढासळलेला बुरूज, त्याच्यावरच्या तोफेवर बायका गोधड्या वाळत घालत. दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, त्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, पाखाड्या, आणि भर दिवसाही अशी शांतता की नारळ पडला तर तीन घरं दार उघडून बघत. मला शांतता सोसत नाही. गार्डाचा डबा हलला नाही की मला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

सासूबाईंनी आम्हाला दारातच मिठी मारली. सासऱ्यांनी कुंदाला "इलंस?" एवढं विचारलं आणि जाळं घेऊन बाहेर पडले. घरात राहू दिलं, पण "राहा" म्हणाले नाहीत. माझ्याशी बोलणं तर सोडाच, माझ्याविषयीही बोलत नव्हते. मीही आदराने मान खाली घालून बसायचो. परिणाम असा झाला की चार दिवसांत मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचे पाय जास्त ओळखीचे झाले. उजव्या पायाला अंगठा नव्हता. तरुणपणी पडावावर खलाशी असताना नांगराच्या दोरात सापडून तुटला, असं कुंदाने सांगितलं.

आणि नेमकी पाचव्या दिवशी गावपळण आली.

दर चार वर्षांनी देवखोल तीन दिवसांसाठी रिकामं होतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं खाडीपलीकडच्या धवळी बेटावर जाऊन राहतं. गाव त्या तीन दिवसांपुरता देवाचा. त्यात माणसाने पाय ठेवायचा नाही. तिसऱ्या दिवशी देवाला कौल लावायचा, उजवा मिळाला की परत यायचं. निघताना प्रत्येक घर आपली माणसं मोजून गावकरांना सांगतं. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा आणि नारळ फोडायचा मान घाड्यांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. कुंदाच्या पणजोबांपासूनचा.

हे सगळं कुंदाने मला होडीत समजावलं. मी विचारलं, "आणि कौल डावा आला तर?"

"मग मुक्काम वाढतो. एकदा म्हणे अकरा दिवस राहावं लागलं होतं."

"माझी रजा सोमवारी संपते."

"ते देवाला सांगा," कुंदा म्हणाली.

बेट सुंदर होतं, हे मी आज कबूल करतो. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी, मध्ये पांढरी वाळू आणि केवड्याची बनं. पलीकडे वाळूचा आणखी एक लहान पट्टा, धाकटी धवळी. नारळाच्या झापांच्या खोपी दोन तासांत उभ्या राहिल्या. लोक जत्रेला आल्यासारखे खुशीत होते. बायकांच्या फुगड्या, म्हाताऱ्यांचे पत्ते, दगडांच्या चुलींवर माशाची आमटी. मी मात्र बेटाला पहिल्याच दिवशी सात फेऱ्या मारल्या. पोरं माझ्या मागे लागली. मी एका बाईला आमच्याकडच्या बोलीत सहज विचारलं, "काय करून राहिल्या, मावशी?" तर पोरं दिवसभर एकमेकांना "काय करून राहिले" म्हणून फिदीफिदी हसत होती.

"जरा बसा की एका जागी," कुंदा म्हणाली. "बाबा बघतायत."

"बघत असते तर बसलो असतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कुंदाचं डोकं ठणकायला लागलं. पाय आधीच सुजले होते, आता डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. ती नर्स. तिला कळत होतं आणि मला तिच्या तोंडावरून कळत होतं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ, चुकवायच्या नाहीत असं बजावून. मी पिशवी उलटी केली. गोळ्या नव्हत्या.

आणि मग मला आठवलं. विसरू नये म्हणून त्या मीच आदल्या सकाळी दाराजवळच्या देवळीत ठेवल्या होत्या, माझ्या कंगव्याशेजारी. न विसरण्यासाठी ठेवलेल्या वस्तू हमखास विसरणं, हा माझा जन्माचा गुण.

"मी घेऊन येतो," मी म्हणालो.

"नाही. गावात कोणी जायचं नसतं. कालच्या दोन चुकल्याच आहेत, आजच्या दोन चुकतील. उद्या जाऊच."

"आणि उद्या कौल डावा आला तर?"

तिने पदराने कपाळ घट्ट आवळलं.

"कुंदा, नियम गावच्या माणसांना आहे ना? मला कुणी मोजलंय का? तुझ्या बाबांनी तीन सांगितले. मी चौथा. म्हणजे मी नाहीच. जो नाही तो गेला काय आणि राहिला काय?"

हे मी बरंच मोठ्याने बोललो असणार, कारण चुलीपाशी बसलेल्या सासूबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. थोड्या वेळाने सासरे पाग खांद्यावर टाकून धाकट्या धवळीकडे निघालेले दिसले. पाग म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं फेकायचं जाळं, आणि ते टाकून मासे मारायला जाणं म्हणजे 'पागूक' जाणं. पोटची पोर तळमळतेय आणि हे मासे मारायला चालले, असं माझ्या मनात आलं. वाईट शब्दही आला, तो इथे लिहीत नाही.

ओहोटी पूर्ण लागायला बारा वाजले. मंडळी जेवून कलंडली होती. मी केवड्याच्या आडोशाने खाडीच्या अरुंद जागी गेलो आणि गुडघाभर पाण्यातून धपाधप पाय आपटत पलीकडे पळालो.

रिकामं गाव मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. दारं नुसती ओढून घेतलेली, कुलूप कुठेच नाही. विहिरीवर रहाट थांबलेला. वखारीपुढच्या वडाखाली कुत्रं नाही, वळचणीला कोंबडी नाही. माझ्याच ओल्या पायांचा आवाज मला गडग्यांवरून परत ऐकू येत होता. मी देवभोळा माणूस नाही, पण त्या पाखाडीत मी कडेने चाललो, मधून चालायची हिंमत झाली नाही.

सासऱ्यांच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत डोकावलो आणि जागच्या जागी थिजलो. सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटली होती. मागच्या दारातून आलेली, देवळीपर्यंत गेलेली आणि परत फिरलेली. पाणी अजून सुकलेलं नव्हतं. क्षणभर माझ्या अंगावर काटा आला, कारण पोरांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की या तीन दिवसांत देव स्वतः गावातून फिरतो.

मग मी वाकून पाहिलं. उजव्या पावलाला चारच बोटं होती.

देवळीत माझा कंगवा होता. गोळ्या नव्हत्या. मी मागच्या दाराशी धावलो. माडांमधून सासरे खाडीकडे उतरत होते, खांद्यावर कोरडा पाग. चालताना शिशाच्या गोळ्या एकमेकींवर किणकिणत होत्या. मी दाराआड झालो. का झालो, सांगता येत नाही. हाक मारायला हवी होती. पण ज्या माणसाने मला तीन वर्षं पाहिलं नाही, त्याला मी अशा जागी कसं पाहायचं, हेच मला कळेना.

मी परत पोचलो तेव्हा कुंदा खोपीत आडवी होती आणि उशाशी गोळ्यांची पाकिटं होती.

"आयेने दिल्या," ती म्हणाली. "तिच्या बोचक्यात गेल्या होत्या म्हणे."

"माझ्याच बोचक्यात होत्यो," सासूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. निवडून झालेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या.

मी कुणालाच काही बोललो नाही, कुंदालाही नाही. तासाभराने सासरे आले. चार बोय मासे चुलीपाशी टाकले आणि पाग वाळत घालायला निघून गेले. संध्याकाळपर्यंत मी बेटाला आणखी फेऱ्या मारल्या, आणि दर फेरीला त्यांच्यापाशी थांबून पुढे जात राहिलो. राग येत होता आणि त्या रागाला बसायला जागा सापडत नव्हती. घाड्यांचा मान, तीन पिढ्यांचा. तो एका औषधाच्या पाकिटासाठी पाण्यात टाकून हा माणूस गावात गेला होता. मग तीन वर्षं एक ओळ लिहायला याला काय झालं होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव बेटावरच्या देवाच्या पाषाणापुढे जमलं. उंडीच्या झाडाखाली उभा काळा दगड, त्याला आंघोळ घालून गुरवाने दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासरे नारळ घेऊन पुढे उभे राहिले. गाऱ्हाणं घातलं. 

डावी पडली.

पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा डावी.

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. पिंपांतलं पाणी तळाला गेलं होतं, पोरं कंटाळली होती. कुंदा माझ्या शेजारी वाळूत बसली होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं.

बाबल गावकर पुढे आले. "कोण गेललो गावात?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "जो गेलो असात तेना सांगाचा. देवासमोर लपान रवाचा नाय."

 मी सासऱ्यांच्या पायांकडे बघत होतो. ते पाय अर्धं पाऊल पुढे सरकले. त्यांनी वाकून हातातला नारळ वाळूत ठेवला. नारळ घेऊन उभा राहणारा माणूस नारळ खाली का ठेवतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आयुष्यभर मी माझ्या उतावळेपणाबद्दल बोलणी खाल्ली आहेत. त्या एका वेळी तो उपयोगी पडला. त्यांचं तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो.

"मी गेलो होतो. काल दुपारी. बायकोच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या."

खोटं काहीच नव्हतं त्यात. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुंदा खालून "अहो" म्हणाली. गावकरांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल पडला.

"हो तर पावणो," ते म्हणाले. "ह्येका काय म्हायत? आणि हो खंय आपल्या मोजणीत आसा? परको माणूस गावात गेलो काय, कावळो गेलो काय, सारख्याच. तुमी बाजूक बसा. गुरवानु, परत लावा पाकळी."

खरं तर मी सुटलो होतो. सगळेच सुटत होते. पण 'परको' हा शब्द मला असा लागला की मी बसलोच नाही, उभाच राहिलो. तीनशे माणसांसमोर मी कावळा ठरलो होतो आणि बायको माझ्या पायाशी बसून ते ऐकत होती.

"रवा," सासरे म्हणाले.

गुरवाचा हात थांबला.

"मोजणी माझी चुकली, गावकरानु. तीन न्हय. चार." ते गावकरांकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "तो परको न्हय. तो माझो जांवय."

गावकर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "घाड्यानु, इचार करून बोला. घरचो माणूस म्हटलास तर चूक तुमच्या घरार येता. नारळाचो मान जातलो. पुढच्या पळणीपर्यंत."

"जांवदे."

"चार वर्सां."

"म्हटलंय मां, जांवदे."

गावकरांनी वाळूतला नारळ उचलला आणि शेजारच्या परबांच्या हातात दिला. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "गाऱ्हाणा तुमीच घाला. चूक तुमची, सांगाचाय तुमीच."

सासऱ्यांनी मला हाताने खूण केली. मी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी डोक्याला बांधलेला पंचा सोडून गळ्यात घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात म्हणालं.

"ह्या तुझ्या लेकरांनी तुझो गाव तुझ्या हवाली केल्यानी, आणि खाडयेपल्याड येवन रवली, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेतूर माझ्या घराकडना चूक झाली. ह्यो माझो जांवय. लांबचो, नेणतो. पोटुशी बायलेच्या काळजीन गावात गेलो. नेणत्याची चूक पदरात घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते थांबले. इतके थांबले की गुरवाने मान वर करून पाहिलं. मी पहिल्यांदाच त्यांच्या पायांऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं. 

"आणि जाणत्याकडना काय चूक झाली असात, तर तीय पदरात घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावाला ती गाऱ्हाण्याची रीत वाटली असेल. गर्दीत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माझ्या घराची ही चार माणसां," सासरे म्हणाले, आणि आता आवाज पार फुटला, "आणि पाचवा येवचा आसा, तेका धरून, सगळ्यांका सुखान घराक ने, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला रडू आलं. लपवायचं काही कारण नाही. तीनशे माणसं, म्हातारी, पोरं, मला हसणारी ती कार्टी, सगळी ओरडून देवाला सांगत होती की होय, हा यांच्या घरचा. तीन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून मला एक शब्द हवा होता, त्याने तो मला न देता सरळ देवाला दिला, आणि साक्षीला अख्खा गाव ठेवला. कुंदा वाळूत बसून हुंदके देत होती आणि कुणीतरी बाई तिची पाठ चोळत होती.

परबांनी नारळ फोडला. पाषाणाची उजवी पाकळी सुटली, क्षणभर लोंबली आणि खाली पडली.

परतीच्या होडीत एकच गलका होता. कोंबड्या, भांडी, पोरं, गुंडाळलेल्या चटया. सासरे वल्ह्याशी बसले होते, मी त्यांच्या समोर, मांडीवर तेच तांदळाचं पोतं, आता अर्धं रिकामं. मान त्यांच्या हातून गेलेला होता. मी नेहमीसारखा पाय हलवत बसलो होतो.

बुरूज जवळ आला तेव्हा ते पाण्याकडे बघत म्हणाले, "खाडयेत उतरताना पाय उचलून उचलून टाकू नकात. वाळयेत घसटीत चला. पाकट मासो लपान असता, काटो मारता."

मला कळायला जरा वेळ लागला. मी पाय आपटत खाडी ओलांडली ती फक्त एकदाच, काल दुपारी, आणि तेव्हा तिथे कोणीही नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत, मी पाय कसे टाकतो ते?"

त्यांनी वल्हं पाण्यातून वर उचललं. थेंब गळून जाऊ दिले. मग सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"पागूक गेललंय मां मी."